गवत किती उंच असताना गाय चरायला सोडावी? विदर्भातल्या नव्या गोपालकांसाठी

गाय दिवसभर रानात राहिली म्हणजे तिचं पोट भरलं, असं दुधाच्या धंद्यात नव्यानं आलेल्या माणसाला वाटतं. सकाळी ढोरकी गावची ढोरं घेऊन जातो आणि दिवस मावळायच्या आत परत आणतो. मधले सात-आठ तास गाय मान खाली घालूनच असते. पण त्या वेळात तिच्या पोटात चार किलो चारा गेला की आठ किलो, हे तासांवरून कळत नाही. ते गवताच्या उंचीवर ठरतं, आणि त्या उंचीत पाला किती अन् काडी किती यावर ठरतं. एक साधी काठी घेऊन हे मोजता येतं. तरीही आपल्याकडे सरकीच्या ढेपेचा भाव तोंडपाठ असणारे लोक पायाखालचं गवत किती बोटं आहे हे कधी बघत नाहीत, याची मला मनापासून खंत वाटते.

ज्यांच्याकडे दोन-चार गायी आहेत (संकरित असोत की आर्वी-कारंज्याकडच्या गवळाऊ), घरचा एखाद-दीड एकर पडीत तुकडा आहे आणि बाकी भिस्त गावच्या गायरानावर आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. म्हशीलाही यातलं जवळपास सगळं लागू आहे.

आधी गायीचं तोंड समजून घ्या

गायीला वरच्या जबड्यात समोरचे दात नसतात. तिथं कडक गादी असते. गाय जीभ बाहेर काढते, गवताच्या जुडीला वेढा घालते, जुडी तोंडात ओढते आणि खालचे दात व वरची गादी यांत धरून मान झटकून तोडते. म्हणजे तिच्या चरण्यातलं मुख्य हत्यार जीभ आहे. गवत तीन-चार बोटांपेक्षा आखूड असलं की जिभेला वेढा घालायला काही सापडत नाही. मग ती नुसत्या दात-ओठांनी कुरतडते आणि प्रत्येक घासात चिमूटभरच येतं. शेळी-मेंढीचे ओठ पातळ आणि चपळ असतात, म्हणून ज्या रानात शेळी तुकतुकीत राहते त्याच रानात गाय उपाशी राहू शकते. शेजाऱ्याच्या शेळ्या बघून रान चांगलं आहे असा अंदाज बांधू नका.

आता हिशेब. गायीनं दिवसात किती खाल्लं, हे तीन गोष्टींच्या गुणाकारातून येतं: एका घासात किती आलं, मिनिटाला किती घास घेतले आणि किती मिनिटं चरली. ढोरक्याबरोबर गेलेली गाय सात तास बाहेर असते. त्यातले दोन तास चालण्यात, पाण्यावर आणि सावलीत बसण्यात जातात असं धरू. राहिले पाच तास, म्हणजे 300 मिनिटं. मिनिटाला 45 घास धरले तर 13,500 घास झाले. गवत आखूड असेल आणि घासाला 0.3 ग्रॅम कोरडा चारा येत असेल, तर पोटात गेला 4 किलो. गवत चांगलं पालेदार असेल आणि घासाला 0.6 ग्रॅम येत असेल, तर गेला 8 किलो. (कोरडा म्हणजे त्यातलं पाणी वजा करून. पुढं सगळीकडे मी असंच मोजणार आहे.) गाय तीच, ढोरकी तोच, वेळ तीच, आणि फरक चार किलोंचा. तेवढं गोठ्यात भरून काढायचं तर सुमारे 20 किलो हिरवा चारा कापून आणावा लागतो. साडेतीनशे किलोच्या दुधाळ गायीला दिवसाला साधारण 10 किलो कोरडा चारा-खुराक लागतो हे लक्षात घेतलं, तर चार किलो ही किती मोठी गोष्ट आहे ते कळेल.

घास लहान झाला की गाय गप्प बसत नाही. ती घास भराभर घेते, जास्त वेळ चरते. मोकळी सोडलेली गाय एरवी आठ-दहा तास चरते आणि गरज पडली तर बारा तासांपर्यंतही जाते. पण त्यालाही हद्द आहे, कारण तिला सात-आठ तास रवंथही करायचं असतं. ऑस्ट्रेलियात टी. एच. स्टॉब्स यांनी 1970 च्या दशकात उष्ण प्रदेशातल्या गवतांवर याचा अभ्यास केला. घास साधारण 0.3 ग्रॅमच्या खाली गेला की गाय कितीही झटली तरी दिवसाची भरपाई करू शकत नाही, असं त्यांना दिसलं. आणि ती मोकळी गाय होती. आपली गाय ढोरक्याच्या वेळेला बांधलेली आहे. जास्त वेळ चरण्याचा मार्ग तिला बंदच आहे, म्हणून आपल्याकडे घास मोठा मिळणं याला दुप्पट महत्त्व येतं.

पहिली पायरी: काठी करा आणि मोजा

वेळूची किंवा कसलीही सरळ काठी घ्या आणि तिच्यावर 5, 10, 15 असे 50 सेंटिमीटरपर्यंत रंगानं पट्टे मारा. काठी हाताशी नसेल तर अंगावरची मापं चालतात: चार बोटं आडवी म्हणजे साधारण 7 सेंटिमीटर, अंगठा उभा केलेली मूठ म्हणजे 14, एक वीत म्हणजे 20 ते 22, आणि टोंगळा म्हणजे 45 ते 50. एकदा स्वतःचा हात पट्टीला लावून बघा, प्रत्येकाचा थोडा वेगळा भरतो.

तुकड्यात नागमोडी चाला आणि वीस-पंचवीस जागी काठी टेकवा. चांगली जागा निवडून टेकवू नका. चालता चालता पाय थांबेल तिथंच टेकवा. मोजायची ती पाल्याची उंची, तुऱ्याची नाही. दोन-चार काड्या टोंगळ्याला लागत असतील आणि पाला वितीएवढाच असेल, तर उंची वीतच धरायची. सगळ्या आकड्यांची सरासरी काढा.

तीन गोष्टी मोजू नका. तरोटा, गाजरगवत असं गाय तोंड लावत नाही ते. उघडी पडलेली जमीन, तिची नोंद मात्र वेगळी ठेवा. पंचवीसपैकी दहा जागी माती लागली तर चारा निम्म्याच्या जवळपासच आहे. आणि शेणाच्या पवट्याभोवती उगवलेले हिरवेगार उंच झुबके. ते दिसायला छान दिसतात, पण शेणाच्या वासामुळे गाय ते टाळते. एखाद्या तुकड्यात सगळीकडे आखूड गवत आणि मधे मधे असे झुबके दिसले, तर तो तुकडा चरून संपला आहे असं समजा.

एकदा तरी वजनही करून बघा, म्हणजे उंचीचा अर्थ डोक्यात बसतो. एक मीटर लांब, एक मीटर रुंद असा चौकोन काड्यांनी आखा आणि जमिनीपासून मूठभर उंची सोडून वरचं गवत विळ्यानं कापून तोला. समजा 300 ग्रॅम भरलं. पावसाळ्याच्या मध्यावर त्यात चौथा हिस्सा कोरडा धरला तर 75 ग्रॅम. एकर म्हणजे साधारण 4,000 चौरस मीटर, म्हणून एकरात 300 किलो कोरडा चारा. तुडवलेलं, शेणामुताचं सोडून त्यातलं साठ टक्के गायीच्या पोटात गेलं तर 180 किलो. गाय चरून रोज 7 किलो घेणार असेल, तर त्या एकरावर चार गायींचे सहा दिवस निघतात, जास्त नाही. हा हिशेब केल्यावर बरेच जण चकित होतात, कारण त्यांनी त्याच एकरावर चार गायी अख्खा पावसाळा धरलेल्या असतात.

दुसरी पायरी: पहिल्या पावसानंतर थांबा

मृगाचे दोन पाऊस पडले, रान हिरवं दिसू लागलं की हात शिवशिवतात. गायीही दावणीला ओढ घेतात. इथं थांबणं ही सगळ्या मार्गदर्शकातली सगळ्यात कठीण आणि सगळ्यात फायद्याची गोष्ट आहे.

उन्हाळा काढलेलं शेडा, पवन्या, मारवेल असं बहुवार्षिक गवत पहिली पानं फेकतं ते बुडख्यात आणि मुळांत साठवलेल्या अन्नावर. पानं पुरेशी झाली की मग ती ऊन खाऊन मुळांना परत देतात. ती देवाणघेवाण सुरू व्हायच्या आत पानं खुडली तर मूळ रिकामं होतं. अमेरिकेत क्रायडर यांनी 1955 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत हे मोजलेलं आहे: निम्म्यापर्यंत पाला काढला तर मुळांच्या वाढीवर फारसा परिणाम होत नाही, पण ऐंशी टक्के काढला की मुळांची वाढ अनेक दिवस पूर्ण थांबते. आपल्याकडे जुलैत पावसानं पंधरा दिवसांची ओढ देणं काही नवीन नाही. मूळ उथळ राहिलेलं गवत त्या खंडात करपून जातं आणि त्याची जागा तरोटा घेतो. गायरानं तरोट्यानं भरली ती अशीच.

म्हणून पाला दीड वितीला, म्हणजे 30 सेंटिमीटरच्या आसपास येईपर्यंत घरच्या तुकड्यात गाय घालू नका. मारवेल थोडं पसरणारं गवत आहे, ते 25 ला चालेल. शेडा-पवन्याचे ठोंब 30 ते 35 होऊ द्या. पाऊस वेळेवर असेल तर ही उंची जुलैच्या मध्यापर्यंत येते, हलक्या मुरमाड जमिनीत आणखी उशिरा. तोवर सोयाबीनचं, तुरीचं कुटार, कडबा किंवा पूर्व विदर्भात धानाची तणस यावर गायी धरायच्या आहेत. त्यामुळे कुटाराचा साठा मेअखेर संपेल एवढाच नको, जुलैच्या मध्यापर्यंत पुरेल असा हवा.

मोबाईलवर दुधाळ गायींच्या कुरणाबद्दल वाचाल तर 8 ते 10 सेंटिमीटरला गाय सोडा आणि 4 ते 5 ला काढा असं सापडेल. ते आकडे आयर्लंड, न्यूझीलंडकडच्या थंड हवेतल्या दाट रायगवताचे आहेत. तिथं आठ सेंटिमीटरचं गवत गालिच्यासारखं गच्च असतं आणि चार बोटांतही भरपूर पाला असतो. आपली गवतं ठोंबांची आहेत, दोन ठोंबांत मोकळी माती असते, म्हणून तेवढ्याच उंचीत पाला फार कमी भरतो. उलट टोकाला गिनी गवत बघा. त्याच्या मोम्बासा वाणावर ब्राझीलमध्ये झालेल्या कामात गाय घालायची उंची सुमारे 90 सेंटिमीटर आणि टांझानिया वाणाची 70 निघाली. गवत बदललं की उंची बदलते. दुसऱ्या देशाचा आकडा उचलून आपल्या वावरात लावू नका.

जुलैतल्या कोवळ्या गवताची एक अडचण उंची बरोबर असली तरी राहतेच. त्यात पाणी फार असतं, कोरडा भाग शेकडा 15 ते 20 इतकाच. 8 किलो कोरडा चारा मिळवायला गायीला असं गवत 45-50 किलो खावं लागतं. शेण पातळ होतं, दुधाची फॅट घसरते आणि डेअरीवर भाव कमी लागतो. सोडण्याआधी सकाळी दोन-तीन किलो कडब्याची कुट्टी किंवा कुटार खाऊ घाला. आणखी एक, कोरड्यावरून हिरव्यावर गाय एकदम नेऊ नका. पहिले आठ दिवस तास-दोन तास, मग वाढवत जा.

तिसरी पायरी: गाय कधी काढायची

घालण्यापेक्षा काढण्याची वेळ जास्त चुकते. तुकड्यात अजून हिरवं दिसतं आहे, मग गाय कशाला काढायची, असा विचार होतो.

गाय एका घासात गवताच्या उंचीचा साधारण तिसरा ते निम्मा भाग तोडते. तुकड्यात घातल्यावर आधी ती सगळीकडचा वरचा थर घेते, मग दुसऱ्या थराला लागते. वरच्या थरात निव्वळ पाला असतो. दुसऱ्यात काडी वाढते आणि उंचीही निम्मी झालेली असते, त्यामुळे घास एकदम लहान होतो. ब्राझीलमधल्या संशोधकांनी घासाघासाला मोजून दाखवलं आहे की सुरुवातीच्या उंचीचा सुमारे चाळीस टक्के भाग खाऊन होईपर्यंत गायीचा खाण्याचा वेग टिकतो आणि त्यानंतर उतरत जातो. म्हणजे 30 सेंटिमीटरला गाय घातली, तर 18 च्या आसपास, वितीच्या थोडं आत आलं की दुधाळ गाय तिथून काढायची. तिला दूध द्यायचं आहे, उरलेलं खरवडून काढण्याचं काम तिचं नाही.

मग उरलेलं वाया जाऊ द्यायचं का? नाही. दुधाळ गायींच्या मागून भाकड गाय, कालवड, बैल घाला. त्यांची गरज कमी असते, ते 10-12 सेंटिमीटरपर्यंत आणतील. त्याखाली मात्र कुणालाच जाऊ देऊ नका. दुधाळ आधी आणि भाकड मागून, एवढा क्रम पाळला तरी त्याच जमिनीवर दुधात फरक दिसतो. बऱ्याच घरी नेमकं उलट चालतं: बैल कामाचे म्हणून त्यांना पहिला मान आणि गाय मागून.

10-12 सेंटिमीटरच्या खाली न जाण्याचं आणखी एक कारण आहे. पोटातल्या जंतांच्या अळ्या ओल्या गवतावर चढतात, पण बहुतांश बुडाशीच, खालच्या चार-पाच सेंटिमीटरमध्ये असतात. जमिनीला लागून चरणारी गाय चारा कमी आणि जंत जास्त गिळते. भंडारा-गोंदियाकडं बांध्यांच्या कडेला, पाणथळ जागी आखूड गवतावर चरणाऱ्या ढोरांना गोगलगायींमुळे येणारा यकृतातला पर्णकृमीही (पानासारखा चपटा जंत) याच वाटेनं लागतो. अशा जागी चरायला जात असतील तर पशुवैद्यकाला तसं सांगूनच जंताचं औषध घ्या, कारण साध्या जंतावरचं प्रत्येक औषध त्याच्यावर चालत नाही.

चौथी पायरी: तुकडे पाडा

एक एकर मोकळा सोडला तर गाय आवडीचं ठोंब पुन्हा पुन्हा खाते आणि नावडतं तसंच निबर होत जातं. त्याच एकराचे सहा-आठ भाग केले आणि एक भाग दोन-तीन दिवसांत चरवून पुढं सरकलं, तर प्रत्येक भागाला विसावा मिळतो. पावसाळ्यात पुन्हा दीड वितीला यायला पंचवीस-तीस दिवस लागतात. पावसानं दडी मारली तर जास्त. त्यामुळे दिवस मोजून फेरी लावू नका, काठी लावून ठरवा.

कुंपणाला बोरी-बाभळीच्या काट्या चालतात. रानडुकरांसाठी सौर झटका मशीन आधीच घेतलेलं असेल तर त्याचीच एक तार गायीच्या छातीच्या उंचीला ओढली की पुरते, दोन दिवसांत गाय तिला ओळखते. मशीन मात्र झटक्याचंच हवं. घरच्या विजेचा प्रवाह थेट तारेत सोडणं हा गुन्हा आहे आणि त्यानं माणसं मेली आहेत.

कुंपण नसेल तर खुंटी आणि दावं. 5 मीटरच्या दाव्यावर गायीला सुमारे 78 चौरस मीटर जागा मिळते. वरच्या हिशेबानं (चौरस मीटरला 75 ग्रॅम, साठ टक्के उपयोग) त्यात साडेतीन किलो कोरडा चारा निघतो. म्हणजे एका खुंटीवर अर्धा दिवस, मग खुंटी हलवा. सकाळी ठोकलेली खुंटी संध्याकाळपर्यंत तशीच ठेवली की दुपारनंतर गाय नुसती बुडखे चाटते. दाव्यावरच्या गायीला पाणी तिथंच नेऊन द्यावं लागतं, आणि ऊन चढलं की सावलीत घ्यावं लागतं.

पाचवी पायरी: गायरानात काय करायचं

गावच्या ई-वर्ग जमिनीवर, गायरानावर उंची तुमच्या हातात नाही. तिथं सगळ्यांची ढोरं जातात. तरी काठी घेऊन महिन्यातून एकदा जा. सरासरी चार बोटांच्या खाली असेल, तर त्या चराईला चारा म्हणून हिशेबात धरू नका. गाय फिरून आली, पाय मोकळे झाले एवढंच. त्या दिवसांत तिचा चारा पूर्ण गोठ्यात द्यायचा आहे, नाहीतर चालण्यात खर्च झालेली ताकद दुधातून वजा होते.

ढोरक्याशी बोला. रानाची सगळ्यात जास्त माहिती त्याला असते आणि त्याला कुणी विचारत नाही. कोणत्या अंगाला गवत उंच आहे, कुठं या आठवड्यात ढोरं गेली नाहीत, हे तो लगेच सांगेल. वाटेवरच्या आखूड गवतात तास-दीड तास रेंगाळण्यापेक्षा सकाळच्या पहिल्या भुकेला थेट लांबच्या चांगल्या तुकड्यावर नेलं तर जास्त खाणं होतं. पाच-सहा घरांनी मिळून गायरानाचा एक कोपरा तरी जुलैभर बंद ठेवायचं ठरवलं, तर ऑगस्टात तिथं काय उभं राहतं ते बघा.

नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत झुडपी जंगलाची जमीन बरीच आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या 2025 च्या निकालानं ती वनजमीन मानली गेली आहे, म्हणून तिथं चरायला नेण्याआधी वनरक्षकाकडून नियम विचारून घ्या. आणि जंगलाला लागून असलेल्या गावांत गवत टोंगळ्याच्या वर गेलं की चाऱ्याचा विचार बाजूला ठेवा. त्यात वाघ बसला तर दहा पावलांवरून दिसत नाही. अशा जागी दिवस वर आल्यावर जायचं आणि ऊन आहे तोवर परतायचं, दूध थोडं कमी आलं तरी चालेल.

सहावी पायरी: संध्याकाळचा तास वाया घालवू नका

गाय दिवसातलं सगळ्यात मोठं, सलग चरणं दिवस मावळायच्या सुमारास करते. त्या वेळी गवतही चांगलं असतं, कारण दिवसभर ऊन खाऊन पानात साखर साठलेली असते आणि दहिवर उडून गेलेलं असतं. आपल्या रीतीत नेमक्या याच वेळी गाय गोठ्यात बांधलेली असते. घराजवळचा सुरक्षित तुकडा असेल तर तो संध्याकाळसाठी राखून ठेवा. गायरानातून आल्यावर धार काढा आणि अंधार पडेपर्यंत तास-दीड तास उंच पाल्यात सोडा. थोड्या जमिनीतून जास्त फायदा काढायचा असेल तर मला याहून सोपा उपाय माहीत नाही. सरकी ढेप आणि खुराक धारेच्या वेळी, दोन वेळांत वाटून द्या. सकाळी सोडताना भरपेट खुराक दिला तर गाय रानात आळसावते आणि फुकटचा चारा सोडून देते.

उंच गवताचा धोका

इथवर वाचून जितकं उंच तितकं चांगलं असं वाटलं असेल, तर पोळ्यानंतरचं रान बघा. सप्टेंबर-ऑक्टोबरात शेडा, पवन्या, कुसळी तुऱ्यावर येतात. उंची टोंगळ्याच्या वर, कंबरेलाही जाते, पण पाला बुडाशी राहतो आणि वर नुसत्या काड्या. गाय काड्यांतून पाला निवडत बसते, त्यामुळे मिनिटाला घास कमी होतात. जे तोंडात येतं ते चावायला वेळ लागतो. आणि पोटात गेलेलंही लवकर पचत नाही. वाळत चाललेल्या गवतातली प्रथिनं सात टक्क्यांच्या खाली गेली की पोटातल्या जिवाणूंना पुरेसं खाद्य मिळत नाही, चारा पोटात पडून राहतो आणि गाय पुढचा घास घेत नाही. ऐन हिवाळ्यात वाळक्या रानात ही प्रथिनं तीन-चार टक्क्यांवर येतात. तेव्हा पोट गच्च दिसतं आणि दूध मात्र आटलेलं असतं. कुसळीचं कुसळ तर जीभ, हिरड्या, डोळे यांत रुततं. लाळ गाळणारी, चरायचं सोडून उभी राहणारी गाय दिसली तर आधी तोंड उघडून बघा.

यावर इलाज एकच, गवत फुलोऱ्यात आलं, निम्म्या काड्यांना तुरा दिसला की कापा. दाणा भरायची वाट पाहू नका. मूठभर बुडखा ठेवून कापायचं, दोन-तीन दिवस उलथापालथ करत उन्हात वाळवायचं आणि हिरवट रंग टिकलेला असतानाच गंजी घालायची. याच दिवसांत हस्ताचा पाऊस असतो आणि सोयाबीनच्या काढणीमुळे मजूर मिळत नाही, हे मान्य आहे. म्हणून सगळा तुकडा एकदम न कापता उघडीप बघून चार-चार गुंठे कापा. राहून गेलं तर ते बैलांना आणि भाकड ढोरांना चरायला ठेवा, दुधाळ गायीला नाही.

ज्वारीच्या बाबतीत उंचीचा नियम जिवाशी खेळणारा आहे. टोंगळ्यापेक्षा कमी उंचीची कोवळी ज्वारी, पावसाच्या खंडात खुंटलेली ज्वारी आणि कापणीनंतर फुटलेले खोडव्याचे कोंब यांत विषारी द्रव्य असतं. धुऱ्यावरून तोंड घालून थोडी खाल्ली तरी गाय अर्ध्या-एक तासात धापा टाकत आडवी होते. चाऱ्यासाठी पेरलेली ज्वारी निम्मी फुलोऱ्यात आल्यावरच द्या. बाधा झाली तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका. त्यावर शिरेतून देण्याचं इंजेक्शन आहे आणि ते वेळेत दिलं तर गाय वाचते. पशुवैद्यकाला लगेच फोन करा किंवा 1962 या क्रमांकावर लावा.

शेवटी गायीला विचारा

काठी अंदाज देते, पक्कं उत्तर गाय देते. संध्याकाळी गाय परत आली की तिच्या मागं डाव्या बाजूला उभे राहा. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्यामध्ये जी जागा असते, ती डावी भकाळी. ती भरून सपाट किंवा किंचित वर आलेली दिसली तर चरणं झालं आहे. तिथं तळहात मावेल असा खळगा दिसला तर गाय उपाशी आली आहे, मग ती दिवसभर मान खाली घालून असली तरी. भकाळी ढोलासारखी ताणलेली आणि गाय बेचैन असेल तर ती पोटफुगी, तिचा इलाज वेगळा आणि तातडीचा आहे.

दावणीला आल्या आल्या कुटारावर तुटून पडते का बघा. रात्री नऊच्या सुमारास गोठ्यात एक चक्कर मारा. बसलेल्या गायींपैकी निम्म्याहून जास्त रवंथ करत असायला हव्यात. शेण बघा: पाण्यासारखं असेल तर गवत फार कोवळं आहे, कोरडा चारा वाढवा, घट्ट, थरांचं, काड्या दिसणारं असेल तर गवत निबर झालं आहे, ढेप आणि हिरवा पाला वाढवा. सुबाभूळ, दशरथ, स्टायलो असं काही धुऱ्यावर लावलेलं असेल तर इथं उपयोगी पडतं.

गोठ्याच्या भिंतीवर एक कॅलेंडर लटकवा आणि रोज तीन गोष्टी लिहा: आज कुठं चरली, तिथली उंची किती आणि दोन्ही वेळचं दूध किती. चराईतला बदल दुधात एक-दोन दिवसांनी उतरतो, म्हणून आजचं दूध कालच्या-परवाच्या गवताशी ताडून बघा. एका पावसाळ्याच्या नोंदीतून तुमच्या वावरातलं तुमचं गवत कोणत्या उंचीला दूध देतं आणि कुठल्या उंचीनंतर दूध उतरायला लागतं, तो आकडा मिळेल. तो मी सांगितलेल्या आकड्यापेक्षा चार-पाच सेंटिमीटरनं वेगळा निघाला, तर तुमचाच आकडा खरा धरा आणि पुढच्या जुलैत काठीवर त्या जागी लाल पट्टा मारून ठेवा.